जुनी व्हेस्पर, नवी व्हेस्पर

"आता डॉक्टर लिमयेंना मी दोन शब्द बोलायची विनंती करतो," असं म्हणून निमिष कार्लेकरने माझ्या हातात माईक दिला. "मॅडम जुन्या घड्याळांच्या संग्राहक आहेत. आमच्या बेर्नाक कंपनीची जुनी घड्याळं मॅडमइतक्या बारकाईने पाहिलेलं दुसरं माणूस मला तरी माहीत नाही."

मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात, समुद्राकडे तोंड केलेल्या दालनात, नव्या व्हेस्परचा समारंभ होता. प्रत्येक टेबलावर मखमली तबक आणि तबकात नवं कोरं घड्याळ. मी मिरजेहून मुद्दाम भांडायला आले होते आणि काय बोलायचं ते प्रवासातच ठरवून टाकलं होतं.

"व्हेस्पर म्हणजे संध्याकाळ," मी म्हणाले. "जुनी व्हेस्पर तशीच होती. पातळ, शर्टाच्या बाहीखालून जरा डोकावणारी. सायीच्या रंगाची तबकडी, सहाच्या आकड्यापाशी सेकंदाचं इवलंसं वर्तुळ, साधा कातडी पट्टा. रोज सकाळी चावी द्यायची. तुम्ही ती मोठी केलीत, जाड केलीत. सेकंदाचं वर्तुळ काढलंत आणि तारखेची खिडकी पाडलीत. पट्ट्याच्या जागी पोलादी साखळी आली, आणि चावी तर पार गेलीच. संध्याकाळ होती तिथे तुम्ही ट्यूबलाइट लावलीत. नाव तेवढं जुनं ठेवलंत, कारण नाव विकलं जातं."

लोक हसले, दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या. निमिषही हसला. त्याला हसायचाच पगार होता, पण मुलगा मनाने चांगला होता.

"मॅडम, आजच्या माणसाला रोज चावी द्यायला वेळ नसतो हो."

"चावी द्यायला वेळ नाही त्याने घड्याळ घ्यावंच कशाला?"

पुन्हा हशा. मी माईक परत केला आणि जागेवर येऊन बसले. जे बोलले त्यातला शब्दन् शब्द मला पटलेला होता. आजही पटतो.

पुढची भाषणं सुरू झाली. माझ्यासमोरच्या तबकात ते घड्याळ पडलं होतं. काही चाळा हवा म्हणून मी ते उचललं. साखळी सैल करून डावा हात तिच्यातून आत घातला. उजवा हात मात्र साडीच्या पदराखाली मांडीवर ठेवला आणि मनाशी ठरवलं, हा हलवायचा नाही. मनगट उलटं करून साखळीचा खटका टेबलाच्या कडेवर टेकवला आणि दाबला.

टक्.

बसलं. मी हात झटकून पाहिला, ओढून पाहिला. पक्कं बसलं होतं. अंगठा मनगटाकडे वळत नव्हता, म्हणून खटक्याची बाजू पुन्हा टेबलाच्या कडेला अडकवून ओढली. सुटलं. पुन्हा घातलं, पुन्हा दाबलं. टक्.

"मॅडम, उजव्या हाताला काही लागलंय का?" निमिष कधी शेजारी येऊन उभा राहिला होता, कळलं नव्हतं.

"नाही. आणि हे मनगटावर असेल, हात हलत असेल, तर आपोआप चालू राहणार. कधीच चावी द्यावी लागणार नाही?"

"कधीच नाही. मी तेच सांगत होतो."

"मला एक पाहिजे."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "पण आत्ताच तर तुम्ही…"

"मला आवडलेलं नाही. पण एक पाहिजे."

दुसऱ्या दिवशी दुकानात साखळीच्या कड्या काढायला मनगटाचं माप विचारलं. मी माझंच मनगट पुढे केलं आणि म्हटलं, "याच्यावर दोन बोटं ठेवा आणि मोजा. तेवढं पुरुषाचं मनगट आहे." दुकानातल्या मुलीने विचारलं, "नक्की का? नाहीतर त्यांनाच घेऊन या." मी म्हटलं, "नक्की."

ते मनगट डॉक्टर धनपाल मगदुमांचं होतं.

मगदूम सर मिरजेतले शल्यचिकित्सक आणि मी त्यांची भूलतज्ज्ञ. जवळजवळ तीस वर्षं आम्ही एकाच टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहिलो. ते पोटाशी, मी डोक्याशी. तरुणपणी एडिंबराला शिकायला गेले असताना पहिल्या साठवलेल्या पैशांत त्यांनी एक व्हेस्पर घेतली होती. आयुष्यात तेवढी एकच घेतली. हात धुवायला जाण्यापूर्वी ते ती मनगटावरून काढायचे आणि माझ्या हातात द्यायचे. "लिमयेबाई, सांभाळा." अगदी पहिल्या दिवशी माझं स्वतःचं घड्याळ बंद पडलं होतं, म्हणून मी पेशंटची नाडी सरांच्या घड्याळावर मोजली. सेकंदाचा तो बारीक काटा त्याच्या इवल्याशा वर्तुळात इतक्या शांतपणे फिरत होता की समोर पोट उघडलेलं असूनही माझी छाती धडधडायची थांबली. मला घड्याळांचा नाद लागला तो तिथे. पुढे माझ्याकडे बरीच घड्याळं जमली, पण व्हेस्पर मी कधी घेतली नाही. का घेतली नाही, ते कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

निवृत्तीनंतर सर घड्याळांवरून माझ्याशी फोनवर तासन्‌तास वाद घालत. कुठल्या कंपनीने कुठलं जुनं घड्याळ नव्याने काढलं, काटे का बदलले, आकडे का बदलले. नव्या व्हेस्परचा फोटो पहिल्यांदा आला तेव्हा त्यांचाच फोन आला होता.

"लिमयेबाई, बघितलंत काय? व्हेस्पर गेली. शोकसभा कधी घ्यायची?"

"सर, काळाबरोबर बदलतात हो कंपन्या."

"बदलू देत की! माणूस म्हातारा होतो, जाड होतो, टक्कल पडतं. म्हणून त्याचा चेहरा कुणी दुसरा बसवत नाही. हे डबडं मला कुणी फुकट दिलं तरी मी घालणार नाही, लिहून ठेवा."

त्याच वर्षी थंडीत सरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं महिन्याभरात बरंचसं परत आलं, पाय काठीवर उभा राहायला लागला, पण उजवा हात आला नाही. ज्या हाताने हजारो पोटं उघडून नीट शिवली, तो मांडीवर एखाद्या परक्या वस्तूसारखा पडून असायचा.

मी भेटायला गेले तेव्हा पहिल्यांदा दिसलं ते त्यांचं मोकळं डावं मनगट. तिथे घड्याळाचा पांढरट पट्टा अजून उमटलेला होता. व्हेस्पर पलंगाशेजारच्या टेबलावर पितळी वाटीत पडली होती, बंद.

"बांधून देऊ का सर?" मी सहज विचारलं.

"नको."

"चावी तरी…"

"हात लावू नका!" ते एवढ्या मोठ्याने ओरडले की स्वयंपाकघरातून सुमतीवहिनी धावत आल्या. मग जरा खालच्या आवाजात, जड जिभेने म्हणाले, "जेवण भरवतात, कपडे घालतात, अंघोळ घालतात. घालू देत. घड्याळ मी माझं मी बांधीन. नाहीतर नाही बांधणार."

कातडी पट्टा एका हाताने बांधता येत नाही. ते त्यांनाही ठाऊक होतं. व्यायाम करून घ्यायला जी मुलगी यायची तिला त्यांनी पुढच्याच आठवड्यात येऊ नको म्हणून सांगितलं. सुमतीवहिनी फोनवर म्हणायच्या, "खिडकीकडं बघून बसतात बघा, बाई. किती वाजले ते पण विचारत नाहीत आता."

म्हणून मी नवी व्हेस्पर घेतली.

रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. सर आरामखुर्चीत होते. मी डबी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि झाकण उघडलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"हे काय?"

"नवी व्हेस्पर."

"ते मला दिसतंय. माझ्या मांडीवर काय करतंय?"

"सर, ही एका हाताने घालता येते. मी करून पाहिलंय. हात आत घालायचा आणि खटका टेबलाच्या कडेवर दाबायचा. चावीही द्यावी लागत नाही."

त्यांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे लुळ्यापांगळ्यांचं घड्याळ."

"सर…"

"तुम्ही तरी असं करायला नको होतं, लिमयेबाई. सगळं घर, सगळं जग माझ्यावर दया करतंय. तुम्ही माझ्याशी भांडत होता, ते बरं होतं." त्यांनी डाव्या हाताने डबी टेबलाकडे ढकलली. "घेऊन जा."

डबी तिथेच ठेवून मी बाहेर आले. मागच्या व्हरांड्यात सुमतीवहिनी मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी शेजारी पाट सरकवला. मी बसले आणि काही सुचेना म्हणून एक जुडी पुढे ओढली.

"ऐकलं मी सगळं," त्या म्हणाल्या. "मनावर घेऊ नका."

"मला वाटलं, त्यांना स्वतःला घालता आलं तर…"

"चांगलंच केलं की तुम्ही." पानं खुडत, वर न बघता त्या म्हणाल्या, "एक सांगू? रागवू नका. झटका आला तेव्हा मला वाटलं होतं, आता घड्याळ मी बांधीन. रोज सकाळी. चावी पण देईन. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण त्या घड्याळाला माझा हात लागलेला नाही. घरात स्वतः बांधायचे, दवाखान्यात तुमच्याकडं द्यायचे. मला कधी म्हणाले नाहीत, हे जरा धर म्हणून."

माझे हात थांबले.

"तुमच्यावर राग नाही हो माझा," त्या घाईने म्हणाल्या. "कधीच नव्हता. ते काम होतं, कळत होतं मला. पण बाई माणूस. संध्याकाळी ते घरी आले की घड्याळाकडं बघायची मी. वाटायचं, आज दिवसभर हे दुसऱ्या कुणाच्या तरी हातात होतं. वेडेपणा नुसता."

नाही म्हणायचं तर काय नाही म्हणायचं? आमच्यात कधी काही नव्हतं. एक घड्याळ होतं, काढताना सरांच्या अंगाची ऊब असलेलं, आणि माझ्या मुठीत ती ऊब पेशंट शुद्धीवर येईपर्यंत टिकायची. एवढंच. वहिनींनी ते माझ्याआधी ओळखलं होतं.

तेवढ्यात आतून आवाज आला. टक्.

वहिनींनी मान वर केली. "काय वाजलं?"

थोड्या वेळाने काहीतरी टेबलावर पडल्याचा आवाज झाला, मग सरांची एक अस्सल शिवी, आणि मग पुन्हा टक्. मग खरखर. मग टक्. आम्ही दोघी मेथी तशीच हातात धरून ऐकत राहिलो. आत एक माणूस घालत होता, काढत होता, पुन्हा घालत होता. वहिनींचे डोळे भरून आले होते आणि त्या हसतही होत्या.

"करतायत," त्या कुजबुजल्या. "बाई, स्वतःहून करतायत!"

"सुमती!" आतून हाक आली. झटक्यानंतर एवढ्या खणखणीत आवाजात त्यांनी कुणाला हाक मारली नव्हती. "लिमयेबाईंना पण बोलव!"

आम्ही आत गेलो. डाव्या मनगटावर नवी व्हेस्पर चमकत होती. टेबलाच्या कडेला पॉलिशवर दोन चरे उमटले होते. सरांच्या कपाळावर घाम होता.

"डबडंच आहे," ते म्हणाले. "जाड आहे. तारीख कशाला घातलीय कुणास ठाऊक, मला काय तारखेचं करायचंय. पण बसलं."

"माप बरोबर आहे का?"

त्यांनी मनगट हलवून पाहिलं. "एकदम." आणि माझ्याकडे पाहिलं. मापाबद्दल त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

मग ते पितळी वाटीकडे वळले. डाव्या हाताने जुनी व्हेस्पर उचलून तबकडीवरची धूळ अंगठ्याने पुसली आणि ती माझ्यापुढे धरली.

"ही आता तुम्ही न्या."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"तुम्हीच सांभाळलीत आजवर. माझ्यापेक्षा तुम्हालाच तिची जास्त पारख आहे. इथं वाटीत पडून तेल सुकेल तिचं. घ्या की."

मी संग्राहक आहे. अशा माणसाला एखादी वस्तू हवीशी वाटते म्हणजे काय होतं, ते ज्याला तो नाद नाही त्याला सांगून कळणार नाही. माझा हात खरोखर पुढे झाला होता. तबकडीवरचा तो सायीचा रंग वयाने किंचित पिवळा पडला होता, पट्टा त्यांच्या मनगटाच्या आकाराला वळला होता. जगातल्या कुठल्याही लिलावात मला तसलं दुसरं घड्याळ मिळणार नव्हतं. आणि ते ज्या आवाजात 'घ्या की' म्हणाले, तो आवाज मी तीस वर्षं 'सांभाळा' म्हणताना ऐकला होता.

माझ्या मागे वहिनी उभ्या होत्या. त्यांच्या बांगडीचासुद्धा आवाज होत नव्हता.

"नको सर," मी म्हणाले.

"का?"

"तिला रोज चावी लागते. माझ्याकडे इतकी घड्याळं, माझ्याच्याने रोज होणार नाही. रोज चावी देणारं माणूस तुमच्या घरात आहे."

सरांनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिले. संसारभर रोज दिसणाऱ्या माणसाकडे कुणी इतक्या नवलाने पाहताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

"सुमती," ते शेवटी म्हणाले. "इकडं ये. हे धर जरा."

वहिनींनी पदराला हात पुसले. एकदा पुसले, पुन्हा पुसले. मग दोन्ही तळहात जोडून पुढे केले, तीर्थ घेतात तसे. सरांनी घड्याळ त्यांच्या ओंजळीत ठेवलं.

"त्या बाजूचं बटण फिरव. हलक्या हातानं. पुढं. हां, तसंच."

"मोडलं तर?"

"मोडत नाही. अडलं की थांब. ते स्वतःच सांगतं पुरे म्हणून."

वहिनी श्वास रोखून बटण फिरवत होत्या. एका जागी त्या थांबल्या. "अडलं," त्या लहान मुलीसारख्या म्हणाल्या. मग घड्याळ कानाशी नेलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते पाहून मी नजर खिडकीकडे वळवली.

त्यानंतर सर सहा वर्षं होते. उजवा हात परत आला नाही, पण व्यायामाच्या मुलीला त्यांनी परत बोलावलं आणि डाव्या हाताने लिहायला शिकले. कंपनीने पुढे ती साखळीची व्हेस्पर बंद केली आणि पुन्हा पातळ, चावीची, कातडी पट्ट्याची काढली. आमच्यासारख्यांच्या तक्रारी ऐकून, असं निमिष मला म्हणाला. सगळे संग्राहक खूश झाले. सरांना मी ती बातमी सांगितली तेव्हा ते म्हणाले, "चांगली दिसते. पण आता एका हाताच्या माणसानं काय करायचं?" आणि आम्ही त्यावर दुपारभर भांडलो.

पण त्या रविवारचं अजून थोडं सांगायचं राहिलं.

वहिनींनी चालू झालेलं घड्याळ पुन्हा वाटीत ठेवायला हात पुढे केला, तर सर म्हणाले, "तिथं नको. हात दे."

"माझा?"

"मग काय लिमयेबाईंचा? आजकाल बायका याहून मोठी घालतात. दे हात."

वहिनी जमिनीवर सरांच्या खुर्चीशी बसल्या आणि डावा हात त्यांच्या मांडीवर ठेवला, त्या निपचित पडलेल्या उजव्या हाताशेजारी. सरांनी डाव्या हाताने घड्याळ वहिनींच्या मनगटावर ठेवलं. पट्ट्याचं एक टोक त्यांनी धरलं. दुसरं घसरून खाली लोंबलं. त्यांनी पुन्हा धरलं, ते पुन्हा घसरलं. मी पुढे होणार होते. पण वहिनींचा मोकळा उजवा हात आपणहून आला आणि त्याने ते लोंबणारं टोक उचलून धरलं. मग सरांचा डावा आणि वहिनींचा उजवा, असे दोन हात त्या एवढ्याशा बकलाशी झटू लागले. सरांनी ओढलं की वहिनींचं सुटायचं, वहिनींनी धरलं की सरांचं. दोघांची डोकी एकमेकांना टेकली होती. मिरजेत लोक ज्यांच्या हाताची शपथ घ्यायचे ते सर्जन एका पट्ट्याच्या भोकात काडी घालू शकत नव्हते आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं.

"बसलं," शेवटी सर म्हणाले.

वहिनींनी हात उचलला. घड्याळ मनगटावरून सर्रकन कोपराकडे घसरलं.

"सैल झालं की ओ."

"मग सोड. एक भोक पुढं घेऊ."

मी चहा ठेवते म्हणून आत गेले. चहा उकळून गार झाला तरी त्यांचं चाललंच होतं.